‘सर्व्हर डाऊन’चे कारण लेखी मिळाले पाहिजे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तलाठी कार्यालय, रेशन दुकान, पतसंस्था, रुग्णालयाची केसपेपरची खिडकी किंवा महाविद्यालयाचा प्रवेश कक्ष, कुठेही ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे उत्तर मिळाले की आपण निमूटपणे परत फिरतो. आपल्या पत्रातही अशा बातम्या वरचेवर येतात आणि ‘तांत्रिक बिघाडामुळे सेवा विस्कळीत’ या शब्दांपाशी संपतात. पश्चिम महाराष्ट्रातील लहान-मध्यम संस्थांचे सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे, आणि त्या अनुभवावरून एकच गोष्ट आग्रहाने मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सर्व्हर बंद पडण्याचा बराचसा पुरावा पहिल्या रीस्टार्टबरोबर नाहीसा होतो. तो आधी जपला पाहिजे, आणि बिघाडाचे कारण लेखी हाती आल्याशिवाय कोणत्याही संस्थेने तक्रार बंद करू नये.

प्रत्येक ‘सर्व्हर डाऊन’च्या मागे सर्व्हरच असतो असे नाही. पुष्कळदा इंटरनेटची जोडणी तुटलेली असते, वीज गेलेली असते, किंवा एकाच वेळी फार लोक आत शिरू पाहत असतात. परंतु चालता सर्व्हर अचानक गोठावा, रीस्टार्ट केल्यावर आठवडाभर नीट चालावा आणि पुन्हा तसाच गोठावा, असा प्रकार असेल तर संशय सर्वप्रथम डिस्क, त्या डिस्क चालवणारा स्टोरेज कंट्रोलर आणि त्यांच्यावर उभी असलेली फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था, या तिघांवर घेतला पाहिजे. प्रत्यक्षात काय होते? रॅम बदलली जाते, अँटिव्हायरस नवा घातला जातो, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली जाते, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी भांडण होते, आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहतो.

हा दोष सहज सापडत का नाही, हे समजण्यासाठी माहितीचा प्रवास पाहावा लागेल. पतसंस्थेतल्या कर्मचाऱ्याने पावतीची नोंद ‘सेव्ह’ केली म्हणजे ती लगेच डिस्कवर उमटत नाही. ती डेटाबेसकडून फाइलसिस्टिमकडे, तिथून ड्रायव्हरमार्फत रेड कंट्रोलरकडे (रेड म्हणजे एखादी डिस्क गेली तरी माहिती टिकावी म्हणून अनेक डिस्कचा केलेला समूह), कंट्रोलरच्या स्वतःच्या कॅश म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, मग केबल आणि बॅकप्लेनमधून (डिस्क जिथे खोचतात त्या पट्टीतून) डिस्कच्या फर्मवेअरकडे, म्हणजे तिच्या आतल्या सॉफ्टवेअरकडे, आणि अखेरीस चकतीवर किंवा फ्लॅश चिपवर जाते. यातला प्रत्येक टप्पा खालच्या टप्प्याच्या उत्तराची वाट पाहतो आणि किती वेळ वाट पाहायची हे प्रत्येकाने आपापले ठरवलेले असते. त्यामुळे तळाशी डिस्कचा एक सेक्टर, म्हणजे छोटासा तुकडा, वाचता आला नाही, तरी पडद्यावर दिसते ते ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ एवढेच, आणि साहजिकच सगळे डेटाबेसकडे बोट दाखवतात.

वाट पाहण्याच्या या हिशेबातूनच किती तरी सर्व्हर कोसळतात. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि त्यात मिनिट-दोन मिनिटेही घालवू शकते. घरच्या संगणकात त्या माहितीची दुसरी प्रत नसल्यामुळे हे वागणे तिथे योग्यच आहे. रेडसाठी बनवलेली डिस्क मात्र साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडून देते आणि ‘हे वाचता येत नाही’ असे कळवते, म्हणजे कंट्रोलरला तीच माहिती दुसऱ्या डिस्कवरून उभी करता येते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिस्कला दिलेल्या एका आज्ञेच्या उत्तरासाठी मुळात ३० सेकंद थांबण्याची मुदत असते. आता चार पैसे वाचवण्यासाठी कोणी रेडमध्ये डेस्कटॉप डिस्क बसवल्या, तर एक सेक्टर बिघडताच ती डिस्क गप्प होते, ३० सेकंद उलटतात, ड्रायव्हर आधी त्या डिस्कला आणि तेवढ्याने भागले नाही तर अख्ख्या कंट्रोलरला रीसेट करतो, आणि त्या काळात त्या कंट्रोलरवरच्या सगळ्याच डिस्क थांबतात. वास्तविक डिस्क मेलेली नसते. तरीही ती समूहातून बाहेर काढली जाते, तिच्या जागी नवी डिस्क घालून पुनर्बांधणी सुरू होते, आणि पुनर्बांधणीत उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचावा लागत असल्यामुळे दुसऱ्या एखाद्या डिस्कवर आजवर कोणी न वाचलेला खराब सेक्टर नेमका त्याच वेळी पुढे येतो. एकाच डिस्कचा बिघाड सोसू शकणाऱ्या रेड ५ या प्रकारात अशा वेळी आख्खा समूहच जाऊ शकतो. डिस्कच्या किमतीत वाचवलेले ते पैसे माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेच्या पहिल्याच बिलात कितीतरी पटींनी जातात.

बिघाडाच्या खुणा नसतात असे नाही, त्या वाचल्या जात नाहीत. विंडोज सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, १२९ क्रमांकाची नोंद ‘डिव्हाइस रीसेट करावे लागले’ असे सांगते, १५३ क्रमांकाची नोंद वाचन-लेखन पुन्हा करावे लागल्याचे सांगते, आणि ५५ क्रमांकाची नोंद एनटीएफएस या विंडोजच्या फाइलसिस्टिमची रचनाच बिघडल्याचे कळवते. निळ्या पडद्यावर ०x७ए हा संकेतांक आला, तर डिस्कवरून मेमरीत आणायचे पान वाचताच आले नाही असा त्याचा अर्थ असतो. तेव्हा रॅमबरोबरच डिस्क, केबल आणि कंट्रोलर तपासले पाहिजेत. लिनक्समध्ये एखादी प्रक्रिया १२० सेकंदांहून अधिक काळ अडकून पडल्याची सूचना येते, किंवा ईएक्सटी४ फाइलसिस्टिम त्रुटी आढळताच स्वतःला ‘फक्त वाचण्यासाठी’ या अवस्थेत नेते. या अवस्थेला लोक बिघाड समजतात. खरे तर ते फाइलसिस्टिमने स्वतःला आणि आपल्या माहितीला वाचवण्यासाठी उचललेले पाऊल असते, आणि ते पाहून घाईघाईने पुन्हा लिहिण्याच्या अवस्थेत आणणे घातक ठरते.

इथे एक अडचण आहे, जी नवख्या तंत्रज्ञाला हमखास चकवते. डिस्कच उत्तर देत नसेल तर त्या डिस्कवरच्या लॉगमध्ये शेवटच्या क्षणाची नोंद लिहिली कशी जाणार? त्यामुळे लॉग पाहिला की दुपारी दोनपर्यंत सगळे सुरळीत दिसते, नंतर मोकळी जागा, आणि मग थेट रीस्टार्टची नोंद. ‘लॉगमध्ये काहीच नाही, म्हणजे वीज गेली असणार’ असा निष्कर्ष काढून फाइल बंद केली जाते. माझे मत असे, की सर्व्हर चालू दिसत असताना लॉग एकाएकी मुका होणे हाच स्टोरेजविरुद्धचा एक पुरावा मानावा. त्यासाठी लॉग त्याच क्षणी दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याची सोय असावी लागते, आणि त्याला वेगळा खर्चही येत नाही. कार्यालयातला एखादा जुना संगणकही त्यासाठी पुरतो. शिवाय कंट्रोलरची स्वतःची स्वतंत्र नोंदवही असते, सर्व्हरच्या व्यवस्थापन चिपचीही असते, आणि या दोन्ही नोंदवह्या डिस्कवर अवलंबून नसतात. सर्व्हर उघडण्याआधी, एकही केबल हलवण्याआधी या दोन्ही नोंदी उतरवून घ्याव्यात, पडद्याचा फोटो काढावा, आणि डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी ‘स्मार्ट’ आकडेवारी ठेवते ती जपून ठेवावी. साटा जोडणीच्या डिस्कच्या या आकडेवारीत १९७ आणि १९८ या क्रमांकांचे, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरांचे, आकडे वाढत असतील तर दोष डिस्कच्या पृष्ठभागात शोधावा. केवळ १९९ क्रमांकाचा, म्हणजे जोडणीतल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर डिस्क बदलण्यापूर्वी केबल आणि बॅकप्लेन तपासावे. हा भेद न पाहता चांगल्या डिस्क भंगारात घातल्याचे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

आपल्याकडच्या हवामानाशी आणि विजेशी थेट संबंध असलेला भाग म्हणजे कंट्रोलरच्या कॅशची बॅटरी. कंट्रोलर लिहिण्याची माहिती आधी स्वतःच्या मेमरीत घेतो आणि ‘लिहिले’ असे लगेच कळवून टाकतो. वेग येतो तो यामुळेच. मधल्या काळात वीज गेली तर ही माहिती तगून राहावी म्हणून त्याला बॅटरी असते, आणि नव्या कंट्रोलरमध्ये बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश असते. वातानुकूलन रात्री बंद करणाऱ्या कार्यालयात, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, ही बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर थकते. थकलेली बॅटरी ओळखताच शहाणा कंट्रोलर कॅश वापरणे थांबवतो आणि प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहू लागतो. सर्व्हर एकदम संथ होतो आणि वापरणारे कंटाळून ‘हँग झाला’ म्हणतात. मग कोणी तरी येतो, कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी असो वा नसो कॅश चालूच ठेवण्याचा पर्याय निवडतो आणि वेग परत आणून देतो. सगळे खूश होतात. पुढच्या वेळी वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला, की जे ‘लिहिले’ म्हणून सांगितले होते ते कधीच डिस्कवर पोहोचलेले नसते. फाइलसिस्टिमचे जर्नल, म्हणजे तिची बदलांची आगाऊ नोंदवही, नोंदी एका ठरावीक क्रमाने लिहिल्या गेल्या आहेत या विश्वासावर उभे असते. तो क्रमच मोडला तर जर्नल असूनही फाइलसिस्टिम सावरत नाही. वेग आला म्हणून त्या तंत्रज्ञाला शाबासकी देणाऱ्या संस्थेला आपण कोणता धोका विकत घेतला हे कोणीही सांगितलेले नसते, आणि मला सर्वात जास्त खुपते ते हेच.

फाइलसिस्टिम बिघडली की पुढचे पाऊल म्हणून ‘चेकडिस्क मारा’ किंवा ‘एफएससीके चालवा’ असा सल्ला मिळतो. ही दुरुस्तीची साधने डिस्कवर लिहितात, हे विसरता कामा नये. खालचा कंट्रोलर चुकीची माहिती वाचून देत असेल, किंवा समूहातली डिस्क अर्धवट अवस्थेत असेल, तर ते साधन त्या चुकीच्या माहितीलाच खरे मानून शाबूत फाइलींची मोडतोड करते. मोडलेल्या हाडाचा एक्स-रे न काढता हात ओढून सरळ करावा, तसा हा प्रकार आहे. आधी कंट्रोलर आणि डिस्क तपासाव्यात, मग प्रत्येक संशयित डिस्कची सेक्टरनिहाय प्रत काढावी, त्यानंतर दुरुस्तीचे साधन केवळ पाहणीपुरते चालवावे, म्हणजे ईएक्सटी४ साठीचे ई२एफएससीके असो वा एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमसाठीचे एक्सएफएस रिपेअर असो, काहीही न लिहिता दोषांची यादी देणाऱ्या पर्यायासह, आणि खरी दुरुस्ती करायचीच तर ती प्रतीवर करावी. एक्सएफएसच्या दुरुस्तीत जर्नल फेकून देण्याचा एक पर्याय आहे. तो पहिल्याच प्रयत्नात वापरणाऱ्याला शेवटच्या काही व्यवहारांवर पाणी सोडावे लागू शकते. एका संस्थेत तर नवा कंट्रोलर बसवल्यावर डिस्कवरची जुनी रेडरचना ‘परकी’ म्हणून पडद्यावर आली. ती आयात करायची की पुसायची असा प्रश्न होता, आणि आलेल्या माणसाने ती पुसून नवी रचना केली आणि तिच्यावर इनिशियलायझेशन, म्हणजे डिस्क कोऱ्या करण्याची प्रक्रियाही, चालवले. डिस्क सर्व शाबूत होत्या. बिघाडातून वाचलेली माहिती दुरुस्तीत गेली.

मोठ्या संस्थांनाही हे चुकलेले नाही. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० वाजता थांबले, दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत चालवावे लागले. पुढच्या महिन्यात बाजाराने जे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले, त्यात दूरसंचार जोडण्या अस्थिर झाल्यामुळे स्टोरेजचे जाळे अनपेक्षितपणे वागले आणि मुख्य ठिकाणचे स्टोरेज सर्व्हरना मिळेनासे झाले, त्यामुळे जोखीम व्यवस्थापनाची यंत्रणा बंद पडली, असे सांगितले होते. त्या दिवशी गुंतवणूकदारांचे जे झाले त्याबद्दल मतभेद असू शकतात, पण कारणाची साखळी टप्प्याटप्प्याने जाहीर झाली, हे महत्त्वाचे आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टोरेजचा एक कंट्रोलर बिघडला, तो नेहमीच्या रीतीने बदलण्यात आला, आणि फर्मवेअरमधल्या दोषामुळे त्या बदलातच संपूर्ण स्टोरेज कोसळले. काही माहितीचा वेगळा बॅकअप नसल्याने ती कायमची गेली. त्या महाविद्यालयाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून चौकशी करवून अहवाल प्रसिद्ध केला, म्हणून आज जगभरचे व्यवस्थापक त्यातून शिकू शकतात. आपल्या किती संस्थांनी असा दोन पानांचा तरी अहवाल सभासदांपुढे ठेवला आहे?

फर्मवेअरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक उदाहरण द्यायला हवे, कारण ‘आमच्याकडे रेड आहे, काळजी नाही’ हे वाक्य मी फार ऐकतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने सास जोडणीच्या आपल्या काही एसएसडींबाबत, म्हणजे फ्लॅश चिपच्या डिस्कबाबत, सूचना काढली, की त्या चालू राहण्याचे ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास, पूर्ण होताच त्या निकामी होतील आणि त्यांच्यावरची माहिती परत मिळणार नाही. मार्च २०२० मध्ये ४०,००० तासांच्या मर्यादेची दुसरी सूचना आली. दोन्हींवर उपाय फर्मवेअर बदलण्याचा होता. आता विचार करावा की एका सर्व्हरमधल्या सगळ्या डिस्क बहुधा एकाच दिवशी चालू केलेल्या असतात, म्हणजे त्या जवळजवळ एकाच वेळी मरणार. रेडची सारी कल्पना डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात या गृहीतकावर उभी आहे. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ती मांडली तेव्हाही ती डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण म्हणून मांडली होती. चुकून पुसलेल्या, खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेल्या किंवा कंट्रोलरनेच चुकीच्या लिहिलेल्या माहितीपासून ती वाचवत नाही. बॅकअप वेगळा, वेगळ्या जागी, आणि परत आणून पाहिलेला असला पाहिजे.

फाइलसिस्टिमही दोषमुक्त नसते. डिसेंबर २०२३ मध्ये लिनक्सच्या ६.१.६४ या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ईएक्सटी४ वरची माहिती बिघडवणारा दोष आढळल्यामुळे डेबियन या लिनक्सवर आधारित सिस्टिमला १२.३ ही आवृत्ती थांबवून थेट १२.४ द्यावी लागली. म्हणून ‘नेहमी ताजे अपडेट करा’ आणि ‘चालते त्याला हात लावू नका’ हे दोन्ही सल्ले मला अपुरे वाटतात. अपडेटमध्ये काय बदलले आहे ते वाचून, आधी बॅकअप घेऊन, मग अपडेट करावे. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइलसिस्टिम प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवतात, त्यामुळे डिस्कने गुपचूप चुकीची माहिती दिली तर ती लक्षात तरी येते. असे गुपचूप बिघाड दुर्मिळ असतील असे वाटते, पण २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाखांहून अधिक डिस्कवर ४१ महिन्यांत ४ लाखांहून अधिक चेकसम-विसंगती नोंदल्या गेल्या होत्या. मात्र झेडएफएस वापरायचे तर मध्ये रेड कंट्रोलर न ठेवता डिस्क थेट दिसू देणारे साधे कार्ड घ्यावे, नाही तर कोणती डिस्क बिघडते आहे हे त्या फाइलसिस्टिमला दिसतच नाही.

डेटाबेसचे लोकही या बाबतीत गाफील राहिले होते. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांच्या लक्षात आले, की लिनक्समध्ये डिस्कवर लिहिण्याची विनंती एकदा अपयशी ठरल्यावर तीच विनंती पुन्हा केली तर ती ‘यशस्वी’ होऊ शकते, आणि प्रत्यक्षात ती माहिती डिस्कवर गेलेलीच नसते. म्हणून आता अशी त्रुटी येताच तो डेटाबेस मुद्दाम स्वतःला बंद पाडतो आणि जर्नलवरून सावरतो. म्हणजे काही वेळा सर्व्हर कोसळणे हेच योग्य वागणे असते. अशा वेळी ‘डेटाबेस सारखा बंद पडतो’ म्हणून ते संरक्षण काढून टाकणाऱ्याला अडवणारा कोणी तरी संस्थेत असला पाहिजे.

आता मागणी. देखभालीच्या वार्षिक करारांमध्ये ‘चार तासांत सर्व्हर चालू करून देणे’ एवढीच अट असते आणि पुरवठादार ती रीस्टार्ट करून पूर्ण करतो. त्या अटीच्या जोडीला नोंदी उतरवून घेतल्याशिवाय रीस्टार्ट न करण्याची, सात दिवसांत लेखी कारण देण्याची, आणि कंट्रोलरची बॅटरी, फर्मवेअर व डिस्कची स्थिती दर तिमाहीला तपासून सहीनिशी कळवण्याची अट घालावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे कंपन्यांसह सर्व संबंधित संस्थांना लॉग १८० दिवस जपून ठेवण्यास सांगितलेच आहे. ते निर्देश सायबर हल्ल्यांच्या संदर्भातले असले तरी तेच लॉग बिघाडाच्या तपासालाही उपयोगी पडतात, फक्त ते कोसळणाऱ्या सर्व्हरच्या बाहेर ठेवलेले हवेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार पतसंस्थांचे लेखापरीक्षण होते, त्यात तिजोरीतली रोकड मोजली जाते. ठेवीदारांच्या नोंदी ज्या यंत्रावर आहेत त्याचा बॅकअप शेवटचा कधी परत आणून पाहिला, ही तारीखही लेखापरीक्षण अहवालात लिहिण्याची सक्ती सहकार खात्याने करावी. ३१ मार्चच्या आर्थिक वर्षअखेरीपूर्वी असे परिपत्रक निघाले तर त्याच वर्षीच्या लेखापरीक्षणात ते लागू करता येईल.

आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे, की एखाद्या कार्यालयाची सेवा बंद पडल्याची बातमी देताना ती कधी सुरू होणार एवढेच न विचारता नेमका कोणता भाग बिघडला, तो निष्कर्ष कोणत्या नोंदीवरून काढला, आणि त्या काळातले व्यवहार मूळ कागदांशी पडताळून पाहिले का, हेही अधिकाऱ्यांना विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर तसे छापावे.

आपला विश्वासू,
सर्व्हर देखभालीच्या व्यवसायातील एक वाचक,
कोल्हापूर